पोरगं स्लो नव्हतंच

कोल्हापुरात पेठेतल्या पोरांना फुटबॉलची गोलकीपिंग शिकवतोय त्याला सात-आठ वर्षं झाली, पण मागच्या सीझनला मोबाईलवरच्या एका व्हिडिओनं माझीच जिरवली. सोळा वर्षांचं पोरगं, चपळ लै, पण जवळच्या पोस्टनं, म्हणजे फटका मारणाऱ्याच्या बाजूच्या खांबाकडनं, सारखं गोल खायचं. शाहू स्टेडियमला मॅच असली की गॅलरीतनं काय काय ऐकावं लागतं ते इथल्यांना सांगायला नको. मीपण धरून चाललो की रिॲक्शन कमी पडतेय, आणि दोन महिने रोज सकाळी सहाला भिंतीवर टेनिस बॉल मारून ते झेलायला लावले.

परत तसलाच गोल. रात्री त्याच्या भावानं काढलेला व्हिडिओ फ्रेम-फ्रेमनं बघत बसलो, सेकंदाला ३० फ्रेम. फटका साधारण १२ मीटरवरनं, बॉल जाळीत १८व्या फ्रेमला, म्हणजे ०.६ सेकंद. पोराचा हात सातव्या फ्रेमलाच हललाय! पाव सेकंदसुद्धा नाही, याहून फास्ट माणूस काय करणार. पण पाय? फटका बसला तेव्हा गडी हवेत. कीपर सावध व्हायला ती बारकी उडी मारतो ना, ती ह्यानं उशिरा मारलेली, पाय टेकले दहाव्या फ्रेमला, आणि पायाखाली जमीनच नसेल तर रेटा देणार कशाला, अर्ध्याच्या वर वेळ तिथंच गेला.

दुसऱ्या दिवशी टेनिस बॉल पिशवीत. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आणली, टोकं दोन्ही पोस्टला बांधली, मधला भाग बॉलपाशी खुंटी ठोकून अडकवला आणि म्हटलं, आता नेहमीसारखा उभा रहा. दोन्ही दोऱ्यांच्या मधोमध पाहिजे, तर हा दीड पाऊल सरकलेला, लांबच्या पोस्टकडं! त्याचं त्यालाच हसू आलं. मग बॉल बरोबर समोर १६ मीटरवर ठेवून त्याला लाइनपासनं चार मीटर पुढं आणला, तर ७.३२ मीटरचा गोल दोरीच्या मधे साडेपाच मीटरचाच उरला. अजून पुढं गेलास तर डोक्यावरनं जाईल आणि वेळही कमी मिळेल हे लगेच सांगून टाकलं, नाहीतर हा डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्सच्या, बाहेर जाऊन उभा राहायचा.

"सर, मग दोन महिने ते टेनिस बॉल कशाला?"

म्हटलं, चहा घे.

उडीची सवय अजून पूर्ण गेलेली नाही. समोरच्यानं फटक्याला पाय मागं घेतला की मी बाहेरनं "टेक!" म्हणून ओरडतो, आणि आता गॅलरीतली चार टाळकी माझ्याआधीच ओरडायला लागलीत.