तुम्ही विचारलंत म्हणून: रंग दिसला म्हणजे ते प्रोटीन तिथे आहेच का?

लॅबमध्ये कोणी नवीन आलं की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच, आणि ज्यांनी कधीतरी रिपोर्टवर सीडी४ काउंट (सीडी४ हे प्रोटीन अंगावर असलेल्या हेल्पर टी पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा आकडा) वाचलाय असे बाहेरचे लोकही फिरून फिरून हेच विचारतात. "मॅडम, तुम्ही पेशींमध्ये अँटीबॉडी टाकता, मशीनवर रंग दिसतो आणि तुम्ही म्हणता पेशीवर सीडी४ आहे. पण ते प्रोटीन तर तुम्ही बघितलेलंच नसतं, मग ते तेच आहे कशावरून?"

प्रश्न एकदम योग्य आहे. दरवेळी घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं म्हणून आज निवांत लिहिते.

आधी आम्ही करतो काय ते सांगते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, साधारण दहा लाख, १०० मायक्रोलिटरमध्ये, त्यात थोडी अँटीबॉडी, म्हणजे ठराविक गोष्टीला जाऊन चिकटणारं प्रोटीन, घालायची, ट्यूब बर्फात ठेवायची आणि वीस-तीस मिनिटं अंधारात झाकून ठेवायची, कारण अँटीबॉडीला जो चमकणारा डाय जोडलेला असतो तो उजेडात फिका पडतो. मग धुवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं पाणी अलगद काढून टाकायचं. तळाशी उरतो तो पेलेट, पांढरट, टाचणीच्या डोक्याएवढा, आणि नवीन मुलं पहिल्या आठवड्यात हमखास तोच ओतून टाकतात. उरलेल्या पेशी फ्लो सायटोमीटरमध्ये एकामागे एक रांगेने लेझरसमोरून जातात, सेकंदाला हजारो. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर पडला की एफआयटीसी नावाचा डाय हिरवा चमकतो, ५२० च्या आसपास, आणि पीई असेल तर पिवळसर नारिंगी, ५७५ च्या जवळपास. हे पीई म्हणजे लाल शेवाळातून मिळणारं एक प्रोटीन आहे, मला ते कायम सुंदर वाटत आलंय. प्रत्येक पेशीचा स्क्रीनवर एक ठिपका पडतो.

म्हणजे मशीनने मोजला तो फक्त उजेड. उजेड डायमधून आला, डाय अँटीबॉडीला जोडलेला होता आणि अँटीबॉडीने पेशीवर काहीतरी धरलं होतं. प्रश्न त्या 'काहीतरी'चा आहे.

आम्ही वापरतो त्या अँटीबॉडी मोनोक्लोनल असतात, आता ते म्हणजे काय ते थोडक्यात. शरीरात कुठलीही परकी गोष्ट गेली की शेकडो वेगवेगळ्या बी पेशी त्याविरुद्ध आपापली अँटीबॉडी बनवतात, म्हणून नुसतं सीरम घेतलं तर त्यात सगळ्यांची मिसळ असते. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी उंदराची बी पेशी आणि न मरणारी मायलोमा (कॅन्सरची) पेशी एकत्र जोडली. बी पेशीकडून अँटीबॉडी आली आणि मायलोमाकडून अमरपणा. अशी एक जोडपेशी वेगळी काढून वाढवली की तिची सगळी पिल्लावळ एकच अँटीबॉडी बनवत राहते, ही पिल्लावळ म्हणजे क्लोन. १९८४ मध्ये दोघांना नील्स येर्ने यांच्यासोबत नोबेल मिळालं, आणि या तंत्राचं पेटंट घेतलं गेलं नव्हतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. मग जो तो आपापले क्लोन बनवू लागला, एकाच प्रोटीनला दहा ठिकाणी दहा नावं पडली, शेवटी १९८२ मध्ये पॅरिसला पहिली कार्यशाळा भरली आणि कुठले क्लोन एकाच गोष्टीला चिकटतात याचे गट पाडून सीडी नंबर द्यायला सुरुवात झाली. आज हे नंबर ३७० च्या पुढे गेलेत.

आणि इथेच खरं उत्तर सुरू होतं. अँटीबॉडी अख्खं प्रोटीन ओळखत नाही, ती त्यावरचा एक छोटासा भाग धरते, थोड्याशा अमिनो आम्लांनी बनलेला उंचवटा किंवा खाच, त्याला एपिटोप म्हणतात. सीडी४ हे प्रोटीन पेशीच्या बाहेर चार मणी ओवल्यासारखं उभं असतं. एसके३ हा क्लोन सगळ्यात टोकाच्या मण्याला धरतो, आरपीए-टी४ सुद्धा तिथेच, आणि एचआयव्हीसुद्धा तिथेच येऊन चिकटतो म्हणून हे क्लोन त्याची वाट अडवतात. ओकेटी४ मात्र खाली, तिसऱ्या मण्यापाशी धरतो आणि विषाणूच्या आड येत नाही. बाटलीवर तिघांच्याही 'अँटी-सीडी४' एवढंच लिहिलेलं असतं, पण तिघं एकच काम करत नाहीत.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ओकेटी४ चंच आहे. काही माणसांच्या सीडी४ मध्ये त्या तिसऱ्या मण्यापाशी एकच अमिनो आम्ल वेगळं असतं, आर्जिनिनच्या जागी ट्रिप्टोफॅन. प्रोटीन व्यवस्थित काम करतं, माणूस ठणठणीत असतो. पण ओकेटी४ ला धरायला जागाच राहत नाही, त्यामुळे ज्यांना हा बदल आई आणि वडील दोघांकडून मिळालाय त्यांच्या रक्तात या क्लोनने बघितलं तर सीडी४ शून्य, आणि एकाकडूनच मिळाला असेल तर चमक साधारण निम्मी. तीच ट्यूब एसके३ ने रंगवा, सगळं नॉर्मल. विचार करा, ज्या आकड्यावरून माणसाची प्रतिकारशक्ती किती उरलीय ते ठरवतात, ज्यात २०० च्या खाली गेलं की डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या पडतात, तिथे एका अमिनो आम्लामुळे शून्य येऊ शकतं. म्हणून कोणी मला "सीडी४ निगेटिव्ह आलं" म्हटलं की मी पहिल्यांदा विचारते, कुठला क्लोन?

जागा असूनही ती आधीच कोणीतरी अडवलेली असते असंही होतं. रिटुक्सिमॅब हे औषध म्हणजे बी पेशींवरच्या सीडी२० ला धरणारी मोनोक्लोनल अँटीबॉडीच, आणि ते दिलेल्या पेशंटच्या रक्तात ज्या थोड्या बी पेशी उरतात त्यांच्या सीडी२० वर औषध आधीच बसलेलं असू शकतं, मग आमच्या अँटीबॉडीला उभं राहायला जागा नाही आणि ठिपके निगेटिव्हमध्ये पडतात. म्हणून तिथे बी पेशी सीडी१९ वरून शोधायच्या. डाराटुमुमॅब हे सीडी३८ ला धरणारं औषध घेतलेल्या पेशंटमध्ये सीडी३८ चं हेच होतं. फॉर्मवर कोणती औषधं चालू आहेत तो रकाना रिकामा सोडू नका असं मी जीव तोडून सांगते ते यासाठीच.

आता उलटी बाजू, रंग दिसतोय पण प्रोटीन नाही. माझ्या हातून हे झालंय, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी. गोठवून ठेवलेल्या पेशी वितळवल्या, घाईत होते म्हणून जिवंत-मेलेल्या पेशी वेगळ्या दाखवणारा डाय घातला नाही, आणि जिथे कोणालाच अपेक्षित नव्हता असा एक नवीन पेशींचा गट दिसला, सीडी३ पण पॉझिटिव्ह, सीडी१९ पण पॉझिटिव्ह. टी पेशीची खूण आणि बी पेशीची खूण एकाच पेशीवर! दोन आठवडे मी त्याच्या मागे होते, रात्री झोप नव्हती. तिसऱ्यांदा केलं तेव्हा सीनियरने नुसतं विचारलं, ७-एएडी (तोच जिवंत-मेलेल्या पेशींचा डाय) घातलंस का. घातलं, आणि तो अख्खा गट मेलेल्या पेशींच्या गेटमध्ये, म्हणजे स्क्रीनवर आखलेल्या चौकटीत, जाऊन बसला. पेशी मेली की ती चिकट होते, कुठलीही अँटीबॉडी तिला चिकटते, तिथे एपिटोपचा काही संबंध नसतो. ते दोन आठवडे गेल्याचं वाईट वाटलं होतंच, पण त्यानंतर तो डाय घातल्याशिवाय मी एकही ट्यूब मशीनवर नेलेली नाही.

जिवंत पेशीही फसवतात. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवर एफसी रिसेप्टर असतात, ते अँटीबॉडीला तिच्या शेपटाकडून पकडतात, म्हणजे जिकडून ती ओळखते ती बाजू हवेत मोकळीच. म्हणून आधी ते रिसेप्टर अडवून टाकणारा एफसी ब्लॉक घालायचा. पण गंमत म्हणजे माणसाच्या मोनोसाइटवर खरंखुरं सीडी४ पण असतं, थोडंसं, पुसट. म्हणजे मोनोसाइटवर पुसट रंग दिसला तर तो खोटा म्हणून झटकूनही चालत नाही आणि खरा म्हणून मोजूनही चालत नाही, हेल्पर टी पेशी मोजायच्या तर सोबत सीडी३ लावावंच लागतं. आयसोटाइप कंट्रोलवर, म्हणजे त्याच जातीच्या पण कशालाच न ओळखणाऱ्या अँटीबॉडीवर, काही लोक फार विसंबतात, माझं मत विचाराल तर त्यापेक्षा त्याच ट्यूबमधली ज्या पेशीवर ते प्रोटीन नसतंच अशी पेशी जास्त खरं बोलते. सीडी४ बघताय तर शेजारच्या बी पेशी बघा, त्या अंधारात असायला हव्यात.

अँटीबॉडी किती घालायची हेही स्वतः ठरवावं, बाटलीवरचा आकडा ही फक्त सुरुवात. मी निम्मं, त्याच्या निम्मं, असं करत सहा-सात ट्यूब लावते. जास्त घातली तर निगेटिव्ह पेशीही चमकायला लागतात आणि दोन गटांमधलं अंतर कमी होतं, लोकांना वाटतं जास्त म्हणजे चांगलं.

मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी रडवेली होऊन आली. टी पेशींना पीएमए आणि आयोनोमायसिन ही रसायनं देऊन पाच तास उत्तेजित केलं होतं, आत सायटोकाइन (पेशी एकमेकींना निरोप देतात ती प्रोटीनं) बनतात का बघायला, आणि सगळे सीडी४ गायब. "मॅडम, अँटीबॉडी खराब झाली वाटतं." मी स्क्रीनवर बोट ठेवलं, शेजारची उत्तेजित न केलेली ट्यूब, तीच बाटली, तोच दिवस, तिथे सीडी४ चा गट ठळक वर उभा होता. म्हणजे बाटली ठीक होती. क्लोनही तोच, म्हणजे एपिटोपचाही प्रश्न नाही. मग उत्तेजित ट्यूबमधल्या सीडी३ पॉझिटिव्ह, सीडी८ निगेटिव्ह पेशी (सीडी८ ही दुसऱ्या प्रकारच्या टी पेशींची खूण, म्हणजे उरतात त्या बहुतेक हेल्पर) वेगळ्या काढून बघितल्या, त्या जागच्या जागी होत्या, जेवढ्या असायला हव्यात साधारण तेवढ्याच.

पीएमएने पेशी सीडी४ ला वरून आत ओढून घेते. प्रोटीन आहे, पेशीतच आहे, पण पृष्ठभागावर नाही, आणि बाहेरून टाकलेली अँटीबॉडी न फोडलेल्या पेशीच्या आत जात नाही. बर्फ ठेवतो तोही याच कारणासाठी, कारण अँटीबॉडीला दोन हात असतात, ती दोन-दोन प्रोटीनं जोडत जाते आणि गरम पेशी तो सगळा गठ्ठा गिळून टाकू शकते. ऊतीतून पेशी सोडवायला काही एन्झाइम वापरतात ती तर वरचं प्रोटीन सरळ कापूनच टाकतात.

दुसऱ्या दिवशी तिने पेशी आधी फिक्स केल्या, म्हणजे रसायनाने आहेत तशा थिजवल्या, पडद्याला भोकं पाडली आणि मग त्याच बाटलीतली तीच अँटीबॉडी घातली. सीडी४ परत आलं, पहिल्या ट्यूबइतकं ठळक नाही पण गट स्पष्ट वेगळा दिसत होता. ती बराच वेळ दोन्ही प्लॉट शेजारी शेजारी ठेवून बघत बसली, मग वहीत 'सीडी४' खोडून तिने लिहिलं 'पृष्ठभागावरचं सीडी४, क्लोन आरपीए-टी४, उत्तेजनानंतर ५ तास', आणि खालच्या ओळीत दुसऱ्या ट्यूबचं वेगळं लिहायला घेतलं.