दर अमावास्येला ग्रहण का नाही?

खंडग्रास सूर्यग्रहण पंधरा दिवसांवर आलं होतं, म्हणून सहावीच्या वर्गात प्रयोग केला. बॅटरी म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे चंद्र आणि समोर पृथ्वीगोल. सावली छान पडली, मुलं खूश, मीही खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, चंद्र दर अमावास्येला मधे येतो, मग दर महिन्याला ग्रहण का नाही?"

चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, हे मला पाठ होतं. फळ्यावर तिरकी रेषही काढली. सगळ्यांनी माना डोलावल्या; कळलं कुणालाच नाही.

घरी आकडेमोड केली तेव्हा माझी चूक सापडली. गोल केवढा, चेंडू हातभर अंतरावर. खरा चंद्र तर पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट दूर! पृथ्वी 4 सेंमीची, म्हणजे टेबल टेनिसच्या चेंडूएवढी धरली, तर चंद्र होतो 11 मिमीचा मणी आणि अंतर 1.2 मीटर. काठीच्या दोन टोकांना दोन्ही बसवले आणि वर्ग मैदानात नेला. सूर्य खराच वापरायचा. पाठ त्याच्याकडे, मण्याचं टोक खांद्यावरून मागे, नजर फक्त चेंडूवर.

"बाई, सावली सापडतच नाही!"

हेच तर उत्तर होतं. हात जरा हलला की सावली निसटायची. मग मणी दहा सेंमी वर धरायला लावला, 5 अंशांचा कल तेवढाच होतो. सावली चेंडूवरून साफ निघून गेली. आणि जमलं तेव्हाही चेंडूवर गडद भाग केवढा, तर ठिपक्याएवढा. खग्रास ग्रहण अरुंद पट्ट्यातूनच का दिसतं, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

ग्रहणाच्या दिवशी मात्र मीच घोळ घातला. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून दिलं आणि म्हणाले, "यातून सूर्य बघायचा." एकीने पुठ्ठा सरळ डोळ्याला लावला. धावत जाऊन काढून घेतला. डोळ्याचा पडदा भाजला तरी दुखत नाही, म्हणून मुलं आपणहून मान फिरवतील या भरवशावर राहता येत नाही. मग वाक्य बदललं: ऊन भोकातून जाऊ द्यायचं, आपण बघायचं खालच्या कागदावर. एक मीटरवर सूर्य जेमतेम 9 मिमीचा पडतो. "एवढुसाच?" म्हणून मुलं हिरमुसली, पण त्याचा कुरतडलेला काठ दिसल्यावर कागदाभोवती रेटारेटी सुरू झाली.

पुढच्या अमावास्येला तो मागच्या बाकावरचा दारातच उभा. "बाई, आज सावली पृथ्वीच्या वरून गेली की खालून?"

मला सांगता आलं नाही. दोघं मिळून शोधायला बसलो.