अँबॅसिडरचा मागचा रेशो: आरसी बुक नाही, खडूची खूण

नाशिकमध्ये जुनी अँबॅसिडर घेताना इंजिन नंबर आणि चॅसी नंबर आरसी बुकाशी ताडून बघतात. मागच्या हौसिंगकडे, म्हणजे मागच्या एक्सलच्या मधल्या लोखंडी खोक्याकडे, कुणी बघत नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत आतला क्राउन-पिनियन (मोठं आणि छोटं अशी दात्यांच्या चाकांची जोडी; त्यांच्या दात्यांचा भागाकार म्हणजेच मागचा रेशो) एकदा तरी बदललेला असण्याची शक्यता दांडगी, आणि बदलताना जी जोडी हाती लागली ती बसवलेली. माझ्या मार्क थ्रीवर संशय आला तो मीटरवरून. स्पीडोमीटर ७५ दाखवायचं तेव्हा फोनवरचं जीपीएस ८० सांगायचं.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते, म्हणजे मीटर गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजतं, चाकाचे नाही. मागचा रेशो बदलला की मीटर चुकतं. टायरचा घेर बदलला तरी चुकतं, मीटर स्वतः बिघडलं असलं तरीही. म्हणून मीटरवाल्याकडे आधी जाऊन उपयोग नाही. आधी रेशो, मग घेर, मग मीटर.

नाशिकच्या द्वारका चौक ते मुंबई नाका या पट्ट्यात ज्याला विचारावं तो छातीठोक उत्तर देतो. 'कसारा घाट तिसऱ्यात ओढते का? मग मोठा रेशो आहे.' यात अर्थ नाही. घाटात गाडी कुठल्या गिअरमध्ये चढते हे कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर, टायमिंग आणि आत बसलेली माणसं मिळून ठरवतात. हौसिंगच्या अंगावरचा ओतीव नंबरही कामाचा नाही. तो लोखंडी खोक्याचा असतो, आतल्या जोडीचा नाही, आणि ती जोडी एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत बसते.

उत्तर कशा-कशातून निवडायचं ते आधी माहीत हवं. अँबॅसिडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. तिच्या गोतावळ्यातल्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) गाड्यांत ज्या जोड्या आल्या, त्या अशा: ३९/८ म्हणजे ४.८७५, ४१/९ म्हणजे ४.५५६, ४३/१० म्हणजे ४.३, ४१/१० म्हणजे ४.१. एमजीबीसारख्या पळणाऱ्या स्पोर्ट्स गाडीत ४३/११, म्हणजे ३.९०९. पहिला आकडा क्राउनचे दाते, दुसरा पिनियनचे. भागाकार जितका मोठा तितकी गाडी चढाला हलकी आणि सपाट हायवेवर इंजिन जास्त ओरडणार.

आता मोजणी. पहिल्यांदा मी चुकलो, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. एक मागचं चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवर. उचललेलं चाक हाताने एक फेरा फिरवलं आणि शाफ्टचे फेरे मोजले. सव्वादोनच्या थोडं पुढे आले. मिस्त्री हसले, 'भाऊ, असा रेशो कुठल्याच गाडीला नसतो.' बरोबर होतं त्यांचं. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेत, क्राउनचा फेरा म्हणजे दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी. एक चाक जमिनीने धरून ठेवलं असेल तर दुसरं दोन फेरे फिरल्यावर क्राउनचा एक पूर्ण होतो. म्हणून एक चाक उचललेलं असेल तर चाकाचे फेरे दुप्पट घ्यायचे. दोन्ही चाकं उचलून शाफ्ट फिरवला तरी चालतं असं पुस्तकी उत्तर आहे, पण प्रत्यक्षात एका ड्रमचे लायनर थोडे घासत असतात, ते चाक मागे राहतं आणि हिशेब बिघडतो. एकच चाक उचलावं, दुसरं पक्कं बसवावं. हीच पद्धत मला खात्रीची वाटते.

तयारी साधी आहे, पण ढिलाई नको. हँडब्रेक मागच्याच चाकांवर लागतो, म्हणून मोजताना तो सोडलेलाच असणार आणि गिअर न्यूट्रलमध्ये. गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. म्हणून सपाट जमीन, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, जमिनीवरच्या मागच्या चाकालाही ठोकळे, आणि उचललेल्या बाजूला एक्सलच्या नळीखाली घोडी (स्टँड). नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरायचं नाही. उचललेल्या चाकाचा ब्रेक घासत असेल तर अ‍ॅडजस्टर थोडा सैल करा.

टायरवर एक खूण, समोर मडगार्डवर एक. शाफ्टच्या मागच्या फ्लँजवर एक, समोर हौसिंगवर एक. एक माणूस चाक फिरवतो, दुसरा खाली शाफ्ट बघतो, दोघंही मोठ्याने मोजतात. सुरू करण्याआधी चाक ज्या दिशेने फिरवणार त्याच दिशेने थोडं ढकलून दात्यांमधला आणि जॉइंटमधला प्ले (मोकळी हालचाल) खाऊन घ्यायचा, मगच खुणा करायच्या. मध्येच चाक उलटं आलं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

वीस फेरे फिरवा. वीस फेरे म्हणजे क्राउनचे दहा. शाफ्टचे फेरे ४८ आणि पाऊण आले तर ३९/८, साडेपंचेचाळीसच्या किंचित पुढे आले तर ४१/९, बरोबर ४३ आले तर ४३/१०, ४१ आले तर ४१/१०. माझ्या गाडीत साडेपंचेचाळीसच्या पुढे गेले. एवढ्यावर थांबू नये, कारण 'किंचित पुढे' हे नजरेचं माप आहे. पक्की परीक्षा अशी: पिनियनला जितके दाते तितके क्राउनचे फेरे झाले की शाफ्टचे फेरे क्राउनच्या दात्यांइतके भरतात आणि दोन्ही खुणा एकाच वेळी जागेवर येतात. ४१/९ असेल तर चाकाच्या १८ फेऱ्यांना शाफ्टचे ४१. ३९/८ असेल तर १६ फेऱ्यांना ३९. माझ्याकडे १८ ला ४१ तंतोतंत जुळले, खडूची रेघ रेघेवर. १६ फेऱ्यांवर थांबून बघितलं तर शाफ्टची खूण जवळपास अर्धा फेरा दूर होती. शंका मिटली.

नुसतं ओळखण्यासाठी हौसिंग उघडायची गरज नाही. तेल मात्र बदललं. आधी भरायचा प्लग सुटतो का ते बघावं, मगच खालचा उघडावा. तेल सांडून बसलं आणि वरचा प्लग जाम निघाला तर गाडी जागेवरच अडकते. तेलात चुंबक फिरवून बघितलं: करडा मऊ लेप म्हणजे नेहमीची झीज, चमकणारे कण किंवा तुकडे आले तर आतलं पिंजरं, म्हणजे क्राउन-पिनियनसकट डिफरन्शियल, काढावंच लागतं. तेव्हा शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर खुणा करून सोडवा, नाहीतर बॅलन्स जातो आणि साठच्या पुढे गाडी थरथरते. क्राउनच्या कडेवर दात्यांचे आकडे आणि जोडीचा नंबर कोरलेला असतो. तोच नंबर पिनियनवर हवा. क्राउन एकाचा, पिनियन दुसऱ्याचा अशी जोडी घरघर करतेच. पिनियनच्या नटाला मात्र उगाच हात लावू नका, बेअरिंगचा प्रीलोड (त्यावरचा ठरलेला दाब) बिघडतो. दाते हायपॉइड आहेत, एकमेकांवर घसरत चालतात, म्हणून जास्त दाब सोसणारं ईपी ९० तेलच, साधं गिअर ऑइल नाही. तेल भरताना गाडी चारही चाकांवर हवी. एक बाजू उचललेली असताना प्लगच्या तोंडाशी आलेली पातळी खोटी असते. हौसिंगवरचा ब्रीदर (हवा जायचं तोंड) चोंदलेला असेल तर तेल सील फोडून ब्रेक लायनरवर येतं, तोही साफ करून घ्या.

जीपवाल्यांसाठी एक गोष्ट, कारण नाशिकमध्ये त्या रगड आहेत. युद्धकाळच्या विलीसमध्ये ३९/८, सीजे-३बीमध्ये ४३/८. पुढचा आणि मागचा रेशो वेगळा असेल तर डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावली की सगळी ट्रान्समिशन पिळवटते. म्हणून जीपमध्ये दोन्ही एक्सल मोजा. डिफरन्शियलच्या झाकणाच्या बोल्टखाली दात्यांचे आकडे असलेली पत्र्याची चकती असते, टिकली असली तर.

मग घेर. टायरवर आणि जमिनीवर खूण करून, हवा बरोबर भरून, दोन माणसं गाडीत बसवून तीन फेरे सरळ ढकलली: ६.०६ मीटर, म्हणजे एका फेऱ्याला २.०२. चाक हवेत असताना टेपने मोजलेला घेर जास्त येतो, तो घेऊ नका. यावरून टॉप गिअरमध्ये, जिथे इंजिनचा एक फेरा म्हणजे शाफ्टचाही एक, ३००० आरपीएमला वेग ७९.८ किलोमीटर यायला हवा. ३९/८ असती तर ७४.६ आला असता. ओझरच्या दिशेने हायवेवर कॉइलला आरपीएम मीटर जोडून आणि जीपीएस लावून बघितलं, ८० च्या आसपासच. म्हणजे मीटर ३९/८ च्या हिशेबाने लावलेलं होतं आणि खरा वेग सहा-सात टक्क्यांनी कमी दाखवत होतं. मीटरवाल्याला चिठ्ठीवर एकच आकडा लिहून दिला: किलोमीटरला शाफ्टचे २२५५ फेरे.