शिरोरेखा म्हणजे २५५

केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून १९८४ पासून देशातील निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळू लागले आणि आमची तुकडी नववीत असताना त्यांतले काही आपल्या शाळेत आले. चपला दाराबाहेर काढायच्या आणि एका यंत्रासमोर तिघांनी बसायचे, असा शिरस्ता होता. बटण दाबताच दोन सुरांची शिट्टी वाजे आणि पुढच्याच क्षणी यंत्र आज्ञेसाठी हजर असे. त्या तत्परतेचे मला अजूनही अप्रूप वाटते.

ॲकॉर्न कंपनीच्या या यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती आणि बारीक, रंगीत चित्र काढायचे म्हटले, तर त्यांतील २० एकटा पडदाच गिळत असे. मराठी अक्षरे तर त्याच्या गावीही नव्हती. मात्र प्रत्येक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचे असते आणि ‘व्हीडीयू २३’ या आज्ञेने आपले नवे अक्षर घडवता येते, हे सरांनी फळ्यावर चौकट आखून समजावले, तेव्हा आम्ही आलेखवह्या बाहेर काढल्या. ओळीतील घरांच्या किमती डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १. जी घरे भरायची त्यांची बेरीज हा त्या ओळीचा आकडा. आठही घरे भरली की २५५, म्हणजेच शिरोरेखा! दोन चौकटींमध्ये यंत्र मुळीच जागा सोडत नसल्यामुळे ती शेजारच्या अक्षराच्या शिरोरेखेला बिनसांध्याची जुळत असे. इंग्रजीपेक्षा हे यंत्र आपल्याच लिपीसाठी घडवले असावे, असे आम्हांला वाटून गेले.

ही समजूत ‘विद्यालय’ लिहिताना पहिल्या वेलांटीपाशीच गळून पडली, कारण शिरोरेखेच्या वर घर उरले नव्हते. मग ‘शाळा’ या शब्दावर तडजोड झाली. ‘श’ आणि ‘ळ’ यांना प्रत्येकी दोन चौकटी लागल्या, काना एकदाच घडवून दोनदा वापरला. पाच चौकटींचे चाळीस आकडे झाले. ‘ळ’चे दुसरे वेटोळे उघडे राहिल्याचे मराठीच्या बाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवले आणि एक आकडा बदलताच ते मिटले. प्रोग्राम कॅसेटवर उतरवण्याआधीच वीज गेली आणि यंत्र सारे विसरले. दुसऱ्या दिवशी एकाने आलेखवहीतून आकडे वाचले, दुसऱ्याने टंकले आणि तिसरा टेपरेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवून उभा राहिला.