तुम्ही विचारलंत म्हणून: हृदयाची गोळी शनिवार-रविवारी बंद का?

डिगॉक्सिन लिहून दिलं की हा प्रश्न हमखास येतो. आठवड्यातले पाच दिवस गोळी आणि दोन दिवस बंद, हे रुग्णाच्या घरच्यांना पटत नाही. रोगाला कुठे सुट्टी असते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. थोडक्यात उत्तर असं: हे औषध शरीरातून सावकाश, बहुतेक लघवीवाटे बाहेर पडतं. मूत्रपिंडं थकलेली असली की ते साठत जातं, आणि साठलं की विष होतं. आपल्याकडे पाव मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते, ती रोज घेतली तर जास्त होऊ शकते, म्हणून दोन दिवस खंड पाडायची पद्धत पडली. आता कमी मात्रा रोज देण्याकडे कल आहे, आणि मलाही तेच जास्त पटतं.

पण ‘थांबायचं कधी’ हा प्रश्न या औषधाला जन्मापासून चिकटलेला आहे. अठराव्या शतकात पाय सुजलेला, पोटात पाणी झालेला, आडवं पडताच गुदमरणारा रुग्ण आला की वैद्यांच्या हाती फारसं काही नसे. रक्त काढायचं, जहाल जुलाब द्यायचे, पोटाला भोक पाडून पाणी काढायचं. आपल्या रानकांद्याच्या जातीचा समुद्रकांदाही देत. इंग्रजीचा मोठा कोशकार सॅम्युअल जॉन्सन याने तो घेतला होता. शेवटच्या दिवसांत त्याने पाणी निघून जावं म्हणून स्वतःच्याच पायांना चिरा दिल्या. डिसेंबर १७८४ मध्ये तो गेला.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टर विल्यम विदरिंगचं फॉक्सग्लव्ह या वनस्पतीवरचं पुस्तक निघालं. आपलं डिगॉक्सिन याच कुळीतल्या झाडापासून आलेलं. श्रॉपशरमधल्या एका म्हाताऱ्या बाईकडे सुजेवर घरगुती औषध होतं. डॉक्टरांनी हात टेकलेले रुग्णही त्याने कधीकधी बरे होत. १७७५ मध्ये विदरिंगला त्याबद्दल मत विचारलं गेलं. त्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंग वनस्पतिशास्त्रात मुरलेला, त्यामुळे यातली कामाची एकच, फॉक्सग्लव्ह, हे त्याने ओळखलं. माझ्या मते ते सोपं होतं. अवघड होती मात्रा.

त्याच्याकडे वर्षाला दोन-तीन हजार गरीब रुग्ण फुकट सल्ल्याला येत, त्यांना तो तासा-दोन तासांत उरकायचा. सुरुवातीला त्याने त्यांना हे औषध फार मोठ्या मात्रेत आणि फार दिवस दिलं. समुद्रकांद्याने मळमळलं की लघवी चांगली सुटते, तसंच याचंही असेल असा त्याचा समज होता. हे त्याने पुस्तकात उघड लिहिलंय. मग तो सुधारत गेला. रोपाला फुलं येऊ लागली की पानं खुडायची, देठ आणि मधली शीर काढून टाकायची, उन्हात किंवा विस्तवासमोर पत्र्यावर वाळवायची. त्यांची सुरेख हिरवी पूड होते, आणि तिचं वजन ओल्या पानांच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी भरतं. मोठ्या माणसाला ही पूड एक ते तीन ग्रेन, दिवसातून दोनदा. एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. मूत्रपिंडं, पोट, नाडी, आतडी यांपैकी कशावरही परिणाम दिसला की लगेच औषध बंद.

नुसते बरे झालेले रुग्ण निवडून छापणं सोपं होतं आणि त्यात आपलं नावही झालं असतं, असं तो म्हणतो. तरी त्याने फसलेले रुग्णही नोंदवले. मला हा माणूस थोर वाटतो तो यासाठी. सुजेचं मूळ पुष्कळदा हृदयात असतं, हे मात्र त्याला नीट उलगडलं नव्हतं. पण हे औषध हृदयाच्या गतीवर इतर कुठल्याही औषधाहून जास्त हुकमत चालवतं, हे त्याने टिपून ठेवलं होतं. आज आपण ते मुख्यतः अनियमित, धावत्या ठोक्यांना आवर घालायला आणि दमलेल्या हृदयाला जोर द्यायला देतो. १९९७ च्या मोठ्या चाचणीत त्याने हृदय कमजोर झालेल्यांचं आयुष्य वाढलं नाही, पण दवाखान्यात भरती होण्याच्या वेळा कमी झाल्या.

तेव्हा अन्नावरची वासना उडाली, मळमळू लागलं, समोरचं पिवळं-हिरवं दिसू लागलं, नाडी साठच्या खाली आली, तर पुढची गोळी घेण्याआधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. जुलाब-उलट्या झाल्या किंवा लघवीची गोळी वाढवली असेल तरी सांगा, कारण पोटॅशियम उतरलं की हे औषध जास्त बाधतं. त्यासाठी शनिवारची वाट पाहू नका.