चर्चच्या कोर्टात चौदा महिने: माझा अनुभव

कॅथलिक लोकांत घटस्फोट नसतो हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं, त्यामुळे लग्न मुळातच रद्दबातल होतं हे ठरवून घ्यायला मी ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे चर्चच्या कोर्टात, अर्ज टाकलाय हे कळल्यावर मावशीचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे पैसे भरून चर्चचा घटस्फोट घेतेस का?" तिला समजावता समजावता माझीच अर्धी समजूत पटली. म्हणून सगळं लिहून ठेवतेय, कोणाला यातून जायचं असेल तर उपयोग होईल.

आम्ही मूळचे वसईकडचे, घरात मराठीच. लग्नही तिकडेच झालं, उंबराच्या पाण्याच्या विधीपासून सगळं रीतसर. तीन रविवारी चर्चमध्ये नावं पुकारली, कोणी हरकत घेतली नाही. तिसऱ्या महिन्यात कपाटात इन्शुरन्सचे पेपर शोधताना एक निळी फाइल हाताला लागली, व्यसनमुक्ती केंद्राची. दोन वेळा अ‍ॅडमिट, दोन्ही वेळा लग्नाच्या आधी, आणि दुसरा डिस्चार्ज आमच्या साखरपुड्याच्या फक्त पाच आठवडे आधीचा. मी ती फाइल घेऊन तिथेच फरशीवर बसले, कुकरची शिट्टी होत राहिली आणि मी उठलेच नाही. पुढची तीन वर्षं कशी गेली ते इथे लिहीत नाही, का नाही ते पुढे कळेल.

आधी सरकारी कोर्ट. आपल्याकडे ख्रिश्चनांसाठी अजून १८६९ चाच कायदा आहे आणि परस्पर संमतीने घटस्फोट त्यात आला तो थेट २००१ मध्ये, कलम १०अ. त्यातही हिंदू मॅरेज अ‍ॅक्टमध्ये एक वर्ष वेगळं राहिलं की चालतं पण आमच्या कायद्यात दोन वर्षं लिहिलीत, का ते देवालाच माहीत. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, चर्चच्या निकालाला सरकारदरबारी काही किंमत नाही, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावरची याचिका फेटाळलीय. म्हणजे चर्चचा कागद घेऊन दुसरं लग्न केलंत आणि सरकारी कोर्टाची घटस्फोटाची डिक्री नसेल तर सरळ अडचणीत याल. दोन्ही लागतात. ट्रिब्युनलने माझ्याकडून डिक्रीची कॉपी पहिल्याच दिवशी मागितली.

लग्न झालं तिथेच अर्ज करावा लागेल असं मला वाटत होतं, पण २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसनी नियम बदलल्यापासून लग्न झालं तिथे, दोघांपैकी कोणीही राहतं तिथे, किंवा जास्तीत जास्त पुरावा जिथे गोळा होणार तिथे, कुठेही चालतं. मी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात आहे, तिथेच केला. गावातल्या ओळखीच्या फादरांसमोर हे सगळं बोलायचं नव्हतं हे खरं कारण.

अ‍ॅडव्होकेट म्हणून एक सिस्टर (नन) मिळाल्या, बंगळुरूला कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, शिकून आलेल्या, वय साठीच्या आसपास, चष्मा दोरीला बांधलेला. मी अकरा पानी हकीगत लिहून नेली होती, मारहाण, उधारी, रात्री दोनला दार वाजवणं, सगळं. त्यांनी शांतपणे वाचली आणि पेन्सिलने पहिल्या पानाखाली एक रेघ मारली. म्हणाल्या, "लग्नाच्या दिवसानंतरची दहा पानं आहेत आणि आधीचं एक. उलटं करून आण."

मला रडूच आलं. म्हणजे जे भोगलं त्याला काहीच अर्थ नाही? तर त्यांचं म्हणणं, लग्न मोडलं का हा प्रश्न हे कोर्ट विचारतच नाही. त्या दिवशी वेदीसमोर तू "हो" म्हणालीस ते "हो" खरं होतं का, एवढंच विचारतं. नंतरचं सगळं त्या दिवसावर उजेड पाडत असेल तर कामाचं, नाहीतर नुसतं दुःख. "आणि दुःखावर इथे निकाल लागत नाही गं." हे वाक्य तेव्हा फार कठोर वाटलं होतं.

घरी येऊन वाचायला लागले, आणि मला वाचायची खोड असल्याने तिथेच अडकले. हा "हो" चा प्रश्न केवढा जुना आहे. ११४० च्या आसपास इटलीत बोलोन्याला ग्रेशियन नावाच्या माणसाने चर्चचे एकमेकांशी न जुळणारे साधारण चार हजार उतारे गोळा करून त्यांचा मेळ घालायचा ग्रंथ केला. त्याच्या दुसऱ्या भागात ३६ काल्पनिक केसेस आहेत, आणि २९ वी वाचून मी रात्री साडेअकराला सिस्टरना मेसेज टाकला. एका खानदानी बाईला निरोप येतो की अमक्या सरदाराच्या मुलाला तुझ्याशी लग्न करायचंय, ती हो म्हणते, आणि येतो भलताच, गुलाम, मीच तो म्हणून तिच्याशी लग्न लावतो. मग खरा येतो. आता ती कोणाची बायको?

ग्रेशियन म्हणतो चूक चार प्रकारची असते. माणूसच दुसरा निघाला किंवा स्वतंत्र समजून गुलामाशी लग्न झालं तर संमतीच नाही. पण श्रीमंत समजले आणि कफल्लक निघाला, गुणी समजले आणि अवगुणी निघाला, तर लग्न पक्कं. सोनं म्हणून पितळ गळ्यात मारल्याचा दाखलाही तो देतो, पण ती सूट माणसाच्या अदलाबदलीला, स्वभावाच्या खोटेपणाला नाही. म्हणजे बघा, माझी केस त्याच्यासमोर गेली असती तर मी हरलेच असते. माणूस तोच होता ना, फक्त त्याची निळी फाइल लपवली होती.

सिस्टरांचा सकाळी रिप्लाय, "म्हणूनच १०९८ बघ."

कॅनन १०९८, कॅनन म्हणजे चर्चच्या कायद्याच्या कोडमधलं कलम. समोरच्याची संमती मिळवायला मुद्दाम फसवणूक केली, आणि ती अशा गोष्टीबद्दल की जी मुळातच संसार उद्ध्वस्त करू शकते, तर लग्न रद्दबातल. हे कलम आलं १९८३ च्या कोडमध्ये, आधीच्या १९१७ च्या कोडमध्ये, ज्यात २४१४ कलमं होती, ते नव्हतंच. ग्रेशियनपासून १९८३ पर्यंत साडेआठशे वर्षं फसवलेल्या बायकांना (आणि पुरुषांनाही, मान्य) चर्चचं कोर्ट काय सांगत होतं, तर माणूस तोच आहे ना. मला याचा राग येतो, अजून येतो.

पण सगळं तसंच नाही हेही खरं. आमच्यात "मी तुला घेतो" असं वर्तमानकाळात म्हणतात त्याचं मूळ तिसऱ्या अलेक्झांडर पोपच्या काळात आहे, बाराव्या शतकात. "घेतो" म्हटलं की लग्न, "घेईन" म्हटलं की साखरपुडा, केसच्या केस क्रियापदाच्या काळावर उभी. फादर नाही, साक्षीदार नाही, तरी दोघांनी बोललेलं ते लग्न. त्यातून एवढा घोळ झाला, लोक गुपचूप लग्न करून नंतर नाकबूल व्हायचे, की ट्रेंटला भरलेल्या चर्चच्या परिषदेने १५६३ मध्ये पॅरिश प्रीस्ट (त्या भागातल्या चर्चचे फादर) आणि दोन-तीन साक्षीदार सक्तीचे केले आणि रजिस्टर ठेवायला लावलं. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे, म्हणजे आपल्याकडचे लग्नाचे चोपडे त्या हुकमाचीच पोरं म्हणायची.

असो, माझ्या केसकडे येते.

अर्ज स्वीकारला, नवऱ्याला नोटीस गेली. माझ्यातर्फे दोन मुद्दे टाकले होते, १०९८ आणि १०९५, म्हणजे मानसिक कारणाने लग्नाची जबाबदारी पेलायची ताकदच नसणं. तो आला नाही. दुसरी नोटीस, तरी नाही. मग तो गैरहजर असं कागदोपत्री जाहीर करून काम पुढे सुरू. लोक विचारतात तो आला नाही तर केस अडते का, नाही अडत.

माझ्या जबानीचा दिवस. छोटी खोली, जज म्हणून फादर, एक नोटरी लॅपटॉपवर, टेबलावर बायबल, त्यावर हात ठेवून शपथ. तिसरे एक फादर कोपऱ्यात बसलेले, त्यांची ओळख करून दिली, डिफेंडर ऑफ द बाँड. म्हणजे लग्नाचा वकील. नवऱ्याचा नाही हं, लग्नाचा. त्यांचं कामच हे की लग्न खरं होतं असं जे जे म्हणता येईल ते म्हणायचं. हे पद १७४१ मध्ये चौदाव्या बेनेडिक्ट पोपनी काढलं कारण काही ठिकाणी, दोघांनाही सुटायचं असलं की विरोध करायला कोणी उरायचंच नाही आणि लग्नं भराभर रद्द व्हायची. त्याच पोपनी दोन कोर्टांचे दोन सारखे निकाल असल्याशिवाय लग्न रद्द धरायचं नाही असंही ठरवलं होतं, ती दुसऱ्या निकालाची सक्ती २०१५ पर्यंत टिकली, म्हणजे पावणेतीनशे वर्षं. माझ्या आधी ज्यांनी केलं त्यांना दोनदा जावं लागलं, त्यांना दंडवत.

तीन तास प्रश्न. ओळख कशी झाली, किती वेळा भेटलात, दारूबद्दल कधी विचारलंस का. हो, विचारलं होतं. काय म्हणाला? "लग्नाकार्यात एखादी बियर." हे वाक्य मी सहा वर्षं डोक्यात घेऊन फिरले होते, नोटरीने ते टाइप केलं आणि मला वाचून दाखवलं, प्रत्येक पानावर सही घेतली. डिफेंडर फादरांनी मध्येच विचारायला लावलं, आधी कळलं असतं तर लग्न केलं नसतं हे आता वाटतं की तेव्हाही वाटलं असतं? फार राग आला होता त्या प्रश्नाचा. पण सगळी केस त्याच प्रश्नावर होती.

साक्षीदार वेगवेगळे बोलावतात, त्यांच्या वेळी आपल्याला आत बसता येत नाही. माझ्याकडून आई, एक मैत्रीण आणि, ज्याची मला अजिबात खात्री नव्हती, माझी जाऊ. तिच्या घरी या एका साक्षीवरून काय रामायण झालं असेल याची मला कल्पना आहे, तरी ती आली, दोन बस बदलून, धाकट्याला कडेवर घेऊन. तिने काय सांगितलं ते मला तेव्हा कळलं नाही, कागद बघायला मिळाले तेव्हा कळलं. (हा टप्पा असतो, सगळा पुरावा झाला की दोन्ही बाजूंना ऑफिसात बसून वाचता येतो, मला फोटो काढू दिले नाहीत.) तिच्या जबानीत होतं की लग्नाच्या चार दिवस आधी सासूबाई सगळ्यांना म्हणाल्या, तिला कोणी काही बोलायचं नाही, लग्न झालं की सुधारेल. मी ते पान तीनदा वाचलं. नुसतं माहीत असणं वेगळं आणि ठरवून गप्प बसणं वेगळं, १०९८ ला हे ठरवून गप्प बसणंच लागतं.

१०९५ साठी एक्स्पर्ट लागतो, सायकॉलॉजिस्टनी फाइलवरूनच रिपोर्ट दिला कारण माणूसच आला नव्हता. मग सिस्टरांचा युक्तिवाद, सतरा पानं, त्यात सगळीकडे "कोराम अमुक", "कोराम तमुक". मला वाटलं कोराम हे रोममधलं एखादं मोठं घराणं असेल. तर कोराम म्हणजे "च्यासमोर", रोमन रोटा या वरच्या कोर्टातला निकाल ज्या जजच्या हाताखाली झाला त्याच्या नावाने ओळखतात. हे निकाल आपल्या सुप्रीम कोर्टासारखे खालच्यांवर बंधनकारक नसतात, पण वजन प्रचंड. १९६९ च्या कोराम आने या निकालाचा आधार त्यात होता, ज्यात लग्न म्हणजे नुसता शरीराचा हक्क नाही, सगळ्या आयुष्याची सोबत आहे हे धरून विचार केला. कोडमध्ये ती भाषा यायला पुढे चौदा वर्षं लागली. आधी निकाल, मग कायदा, हे मला आवडलं.

मग नुसतं थांबणं. पहिल्या कोर्टाने वर्षात काम संपवावं असं कोडमध्ये लिहिलंय. माझं चौदा महिने चाललं, त्यात मधले चार महिने फोन केला की "फाइल जजेसकडे आहे" एवढंच. चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू.

निकाल तीन जजेसचा. १०९८ वर, हो, लग्न रद्दबातल सिद्ध. १०९५ वर, नाही. दुसरं कारण वाचून आधी नाक मुरडलं आणि मग पटलं. त्यांनी १९८७ चं पोप जॉन पॉल दुसरे यांचं रोटापुढचं भाषण घेतलं होतं, नुसती अडचण पुरत नाही, खरी असमर्थता लागते. तो नऊ वर्षं एकाच नोकरीत टिकला होता, आईचं आजारपण काढलं होतं. म्हणजे पेलता येत होतं, माझ्याशी खरं बोलला नाही एवढंच. इतकं नेमकं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, सरकारी कोर्टात तर कोणी विचारलंही नाही.

अपिलाला पंधरा दिवस असतात. डिफेंडर फादरही करू शकतात. मी रोज मोजत होते. कोणीच केलं नाही.

मावशीसाठी दोन गोष्टी. फी जी होती ती माझ्या महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी होती, आणि नसेल झेपत तर माफ करतात. आणि लग्न रद्द झालं म्हणून मूल अनौरस होत नाही, कॅनन ११३७ वाचा, मला मूल नाही पण हा प्रश्न दहा जणींनी विचारलाय.

शेवटचं काम गावच्या चर्चमध्ये. बाप्तिस्म्याच्या चोपड्यात आपल्या नावासमोर समासात लग्नाची नोंद असते, तिथेच रद्द झाल्याचीही करतात. मला जायची गरज नव्हती, कागद ऑफिसमधून ऑफिसला जातो, तरी सुट्टी काढून गेले. ज्या फादरांना टाळून मी दुसरीकडे अर्ज केला होता त्यांनीच कपाटातून चोपडा काढला, वाळवीच्या औषधाचा वास, माझं नाव जुन्या वळणाच्या अक्षरात, बाजूला निळ्या शाईत लग्नाची तारीख. समासात जागा कमी उरली होती. त्यांनी फार बारीक अक्षरात केसचा प्रोटोकॉल नंबर आणि तारीख लिहिली, शाई वाळेपर्यंत चोपडा उघडाच ठेवला आणि मला म्हणाले, "चहा घेणार ना?"