बाबा, सायकल आणि रूळ काढलेला रेल्वेमार्ग

आज सकाळी पुण्यात कॅनॉल रोडवर बाबा एक वाक्य बोलले आणि मला एकदम इंग्लंडमधलं ब्रिस्टल आठवलं, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसलोय.

बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. शनिवार पेठेतून रोज सायकलने जायचे, डबा हँडलला लटकवलेला, पावसाळ्यात अंगावर रेनकोट, आणि संध्याकाळी सुटी झाली की गेटातून सायकलींचा नुसता लोंढा बाहेर पडायचा असं ते अजून सांगतात. मग लुना आली, मग स्कूटर, मग गुडघा. सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं ताईकडे ब्रिस्टलला गेलो होतो. तिच्या घराजवळून एक रस्ता थेट बाथ गावाकडे जातो, 13 मैल, म्हणजे साधारण 21 किलोमीटर, सगळा डांबरी, आणि त्यावर एकही गाडी नाही, फक्त सायकली आणि चालणारी माणसं. हा आधी रेल्वेमार्ग होता. 1963 च्या बीचिंग रिपोर्टनंतर (तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करा असं सांगणारा अहवाल) तिकडे कितीतरी मार्ग बंद केले, या मार्गावरच्या पॅसेंजर गाड्याही 1966 मध्ये थांबल्या आणि पुढे रूळ काढून नेले. मग गावातल्या सायकलवाल्यांचा एक ग्रुप पुढे आला (त्यातूनच नंतर सस्ट्रान्स ही संस्था झाली) आणि 1979 ते 1986 असं तुकड्या-तुकड्याने त्यांनी या जागेचा रस्ता केला, त्यात व्हॉलंटियर्सचे हात किती लागले असतील. मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं. जागा मोकळी होती, पण ती बळकावली नाही कुणी, सगळ्यांना चालवायला दिली.

बाबा आधी नाहीच म्हणत होते. "चढ आला तर उतरून ढकलावी लागेल, मला नाही झेपणार आता." ताई म्हणाली, बाबा, रेल्वेचा रस्ता आहे हो, चढ असून असून किती असणार? आणि तिथे त्यांचा चेहराच बदलला, कारण रेल्वेचं काही निघालं की ते गप्प बसूच शकत नाहीत. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे इंजिनाला रस्त्यासारखा उभा चढ चढताच येत नाही, म्हणून आधी डोंगर कापायचा, खोलगट जागी भराव घालायचा आणि मग रूळ टाकायचे. आपला बोरघाट सदतीस फुटाला एक फूट चढतो तर त्याच्यासाठी कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात! हे सगळं सांगता सांगताच त्यांनी हेल्मेटचा पट्टा लावला.

पहिली दहा मिनिटं मी त्यांच्या मागेच होतो, हात ब्रेकवर, जीव मुठीत. मग लक्षात आलं की पाठ ताठ, पॅडल एका लयीत, मला सांभाळायचं काही कामच नाहीये. दोन्हीकडे झाडी, ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या, मागून येणारा घंटी वाजवतो आणि थँक्यू म्हणत पुढे जातो. चढ होता, पण तो पायाला कळत होता, डोळ्याला दिसत नव्हता.

मग स्टेपल हिलचा बोगदा आला. जवळजवळ पावणेपाचशे मीटर लांब, आत दिवे, गारवा, भिंतींना ओल. बाबा मधोमध पोचले आणि घंटी वाजवत सुटले, आणि लहानपणी डेक्कन क्वीनमध्ये खंडाळ्याचा बोगदा आला की मी आणि ताई जसे ओरडायचो तसे "हूऽऽ" करून ओरडले. माझे बाबा. एकाहत्तर वर्षांचे. समोरून एक बाई मुलाला घेऊन येत होत्या, तो मुलगाही लगेच ओरडायला लागला.

पुढे मँगट्सफिल्डचा जुना प्लॅटफॉर्म लागतो, गवत वाढलेला, गाडी येणार नाही तरी तसाच उभा. वॉर्मलीला जुन्या स्टेशनात चहा घेतला. बिटनला थोडे रूळ अजून ठेवलेत आणि त्यावर हौशी लोक वाफेची इंजिनं चालवतात, तिथे बाबा अर्धा तास हलले नाहीत. बाथपर्यंत गेलो नाही, एव्हन नदीचा पूल बघून परत फिरलो. परतताना स्टेपल हिलच्या पुढे ब्रिस्टलपर्यंत उतार, बाबा माझ्या पुढे.

पुण्यात आल्यावर त्यांनी जिन्याखालची सायकल काढली, टायर-ट्यूब नवीन टाकून घेतल्या. पण चालवायची कुठे? सायकल ट्रॅक आहेत आपल्याकडे, त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात, मध्येच पेव्हर ब्लॉक उखडलेले, मध्येच ट्रॅकच संपतो. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला मी तिथे कसा सोडू? याचा मला खरंच त्रास होतो, कारण एके काळी सायकलींचं गाव म्हणायचे या शहराला. म्हणून आम्ही रविवारी साडेपाचला निघतो, गाड्या सुरू व्हायच्या आत, वारज्याकडून कर्वेनगरच्या कॅनॉल रोडने.

आज तिथेच ते एकदम पॅडल मारायचे थांबले. सायकल आपली हळूहळू पुढे जातेय. म्हणाले, "बघ, इथे उतार दिसतो का तुला? नाही ना? पण आहे. खडकवासल्याचं पाणी कॅनॉलमधून याच दिशेने वाहायचं."